केमोच्या आधी कुणी विचारलं का, 'शेतात अनवाणी राबलायत का?'

मुरबाडकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती टाकायला आणि ट्रान्स-हार्बरच्या गर्दीवर रडायला येते. आज विषय वेगळा आहे आणि लांबलाय, चहा घेऊन बसा.

माझे वडील, अण्णा, वय ६८. गाव मुरबाड तालुक्यात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत नोकरी आणि कोपरखैरणेत घर, पण आवणीची (भातलावणीची) रजा त्यांनी कधी चुकवली नाही. जुलैमध्ये आठ-दहा दिवस गुडघाभर चिखलात, पायात काही नाही, डोक्यावर इरलं. गुडघे गेले तसं ते बंद झालं, त्यालाही आता २२ वर्षं झाली.

जानेवारीत मानेत गाठ आली. बायोप्सी झाली, नॉन-हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) निघाला. आर-चॉप नावाची केमो सुरू केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दर २१ दिवसांनी सलाइनमधून औषधं आणि सोबत ५ दिवस रोज १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. पहिलं सायकल छान गेलं. गाठ निम्मी झाली, अण्णा मटण मागायला लागले.

दुसऱ्या सायकलनंतर दहाव्या दिवशी पोट फुगलं, जुलाब, उलट्या. मग खोकला, छातीत घरघर. आम्ही ज्या हॉस्पिटलात होतो तिथे आधी 'केमोचा त्रास' म्हणाले, मग 'दम्यासारखं आहे' म्हणून नेब्युलायझर दिलं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. ते इंजेक्शन मला अजून रात्री आठवतं. दोन दिवसांनी अण्णा आयसीयूत. रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय. अँटिबायोटिकने ताप उतरला, चार दिवसांनी पुन्हा चढला, या वेळी कल्चरमध्ये क्लेबसिएला. म्हणजे आतड्यातले जंतू रक्तात पुन्हा पुन्हा येत होते आणि ते कुठून शिरतायत ते कुणाला कळत नव्हतं.

शेवटी टीबी आहे का बघायला म्हणून ब्रॉन्कोस्कोपी केली, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून आतला नमुना घेतला. तो नमुना पाहताना लॅबमधल्या मुलीला मायक्रोस्कोपखाली जिवंत अळी दिसली. फुप्फुसातल्या पाण्यात. तिने फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, म्हणून आज मी हे लिहितेय. स्ट्राँगिलॉइडिस हे नाव मी तोवर ऐकलं नव्हतं. जंत म्हणजे लहान मुलांना होतात आणि शाळेत गोळी देतात, एवढीच आमची अक्कल.

आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध चालू केलं, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी), रोज. जवळजवळ ३ आठवडे. अण्णा वाचले. वजन ६१चं ४७ झालं, पण वाचले. मेपासून केमो पुन्हा सुरू आहे.

विचारायचं असं : केमोच्या आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस, हृदयाचा टू-डी एको सगळं केलं. 'गावाकडे शेतात अनवाणी काम केलंय का' एवढं एक वाक्य कुणीच विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणाला विचारलं होतं का?

नौपाड्याचा_नाना

बापरे. वाचतोय. अण्णांना नमस्कार सांगा.

सूक्ष्मदर्शी

ताई, त्या लॅबमधल्या मुलीला माझ्याकडून पेढे. मी ३० वर्षं ठाण्यात मायक्रोबायॉलॉजीत काढली, आता निवृत्त आहे. ही अळी मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिली, आणि त्यातल्या निम्म्या वेळा उशिरा.

बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर, कारण हा जंत इतर जंतांसारखा वागत नाही. साधा गोल जंत पोटात अंडी घालतो, ती शौचावाटे बाहेर पडतात, मातीत पिकतात आणि मग दुसऱ्या कुणाच्या तोंडावाटे आत जातात. म्हणजे पोटातली संख्या आपोआप वाढत नाही, जंत म्हातारा होऊन मरतो आणि विषय संपतो. स्ट्राँगिलॉइडिसची अळी ओल्या मातीतून, तळपायाच्या कातडीतून शिरते. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशाशी, गिळली की लहान आतड्यात. तिथे मादी आतड्याच्या अस्तरात घर करते. जेमतेम २ मिलिमीटरची. नराची गरज नाही, ती एकटीच अंडी घालते. अंडी आतच फुटतात आणि त्यातल्या काही अळ्या बाहेर न जाता आतड्याच्या भिंतीतून किंवा गुदद्वाराजवळच्या कातडीतून त्याच माणसात पुन्हा शिरतात. घरची पोरं घरातच नांदवायची, अशातला प्रकार. म्हणून हा संसार २०, ३०, ४० वर्षं चालतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-थायलंड रेल्वेवर जपान्यांनी राबवलेल्या युद्धकैद्यांमध्ये कित्येक दशकांनी हा जंत सापडलेला आहे, आणि ते लोक मधल्या काळात त्या भागात फिरकलेही नव्हते.

प्रतिकारशक्ती शाबूत असते तोवर ती या अळ्यांना आवरून धरते. स्टेरॉइड आलं की बांध फुटतो. अळ्या हजारोंनी भिंत फोडून निघतात, फुप्फुसात, यकृतात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत, आणि जाताना अंगाला चिकटलेले आतड्यातले बॅक्टेरिया सोबत नेतात. तुमचं ई. कोलाय आणि नंतरचं क्लेबसिएला तिथून आलं. इंग्रजीत याला हायपरइन्फेक्शन म्हणतात. औषध मिळालं नाही तर बहुतेक रुग्ण दगावतात.

एक विचारतो. अण्णांच्या जुन्या सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टमध्ये इओसिनोफिल किती होते? या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, जंत किंवा अ‍ॅलर्जी असली की वाढतात. आणि अंगावर कधी खाजरी रेघ उठायची का?

मुरबाडकरीण

काका, काटा आला अंगावर. आत्ता फाइल काढली. २०१९च्या चेकअपमध्ये इओसिनोफिल १३ टक्के. तेव्हा फॅमिली डॉक्टर म्हणाले धुळीची अ‍ॅलर्जी असेल. आयसीयूतल्या रिपोर्टमध्ये मात्र शून्य.

आणि रेघ! हो! मांडीवर, कमरेखाली लाल वळ उठायचा आणि तासाभरात बोटभर पुढे सरकायचा. आई म्हणायची पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. वर्षातून दोन-तीनदा तरी. आम्हाला ते इतकं नेहमीचं झालं होतं की डॉक्टरांना सांगावं हे डोक्यातच आलं नाही.

सूक्ष्मदर्शी

तीच अळी कातडीखालून चालत होती. तासाला ५ ते १० सेंटिमीटर जाते, म्हणून रेघ डोळ्यांदेखत सरकते. पित्ताची गांधी अशी एका ओळीत पुढे जात नाही. आणि शून्य इओसिनोफिल पाहून कुणी निर्धास्त होऊ नये. स्टेरॉइड चालू असताना ते खाली जातातच, नेमकी खूण पुसली जाते.

पारसिक

धागा चांगला आहे, पण थोडं घाबरवणारा वाटतोय. माझ्या आईचे ६ सायकल कळव्यात राहून झाले. आईही शहापूरची, शेतातलीच. काही झालं नाही. आधीच कॅन्सर म्हटल्यावर माणूस अर्धा होतो, त्यात अळ्यांचं वर्णन वाचून लोक केमोच घेणार नाहीत.

मुरबाडकरीण

पारसिकदादा, तुमचं बरोबर आहे, सगळ्यांना होत नाही. आईंना काही झालं नाही ते ऐकून बरं वाटलं. पण मी केमो घेऊ नका म्हणत नाहीये हो. अण्णांचा लिम्फोमा केमोनेच वितळतोय. माझं म्हणणं एवढंच की गोळ्या घ्यायच्या आधी एक प्रश्न, एक रक्ततपासणी. आमच्या आयसीयूच्या बिलाच्या चहापाण्यात बसली असती ती.

घोडबंदर_रोड

ताई, हे वाचून एक आठवलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय की आयव्हरमेक्टिनने कॅन्सरच बरा होतो, फार्मा कंपन्या दाबून ठेवतात, कारण गोळी स्वस्त आहे. मग तुमच्या वडिलांना ते तीन आठवडे दिलं तेव्हा दुहेरी फायदा झाला असेल का? खवचटपणे नाही, खरंच विचारतोय. माझ्या मेव्हण्याने २० गोळ्या आणून ठेवल्यात.

मुरबाडकरीण

ज्या ३ आठवड्यांत अण्णा रोज आयव्हरमेक्टिन घेत होते, त्या ३ आठवड्यांत केमो बंद होती. आणि त्याच काळात मानेतली गाठ पुन्हा हाताला लागायला लागली. मी रोज सकाळी चाचपायचे. याहून जास्त मला माहीत नाही. मेव्हण्यांना सांगा.

सूक्ष्मदर्शी

ताईंच्या उत्तरात सगळं आलं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींवर शेकडो रसायनं काम करतात, माणसात आयव्हरमेक्टिनने कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. जास्त डोस घेतला तर चक्कर, भ्रम, झटके येऊ शकतात. जंतावर मात्र ते खरोखर मोठं औषध आहे. जपानच्या मातीत ओमुरांना सापडलेल्या बॅक्टेरियापासून ते निघालं, आणि त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५चं नोबेल मिळालं. म्हणजे मातीतून आलेल्या रोगाला मातीतूनच आलेलं औषध. पण ज्याचं काम त्याने करावं.

घोडबंदर_रोड

कळवतो. धन्यवाद दोघांना.

ऐरोलीकर_पोट्टा

शाळेत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात ना, मग हा जंत राहतोच कसा? नागपूरचा आहे, आमच्याकडेही धानाची शेती, रोवणीला आम्हीपण अनवाणीच. आता तळपाय खाजवतोय.

सूक्ष्मदर्शी

ती अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची गोळी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या मोहिमेत देतात ती. गोल जंत आणि अंकुशकृमीसाठी चांगली आहे. स्ट्राँगिलॉइडिसला एका डोसने पुरी पडत नाही. शिवाय अण्णांच्या पिढीला ती शाळेत मिळालीच नाही, मोहीमच २०१५ची.

तपासणीबद्दल : एकदा शौच तपासून 'नॉर्मल' आलं म्हणून खूश होऊ नका. अळ्या रोज पडत नाहीत, अर्ध्याहून जास्त वेळा एका नमुन्यात निसटतात. तीन वेगवेगळ्या दिवसांचे द्या, ताजे द्या, फ्रीजमध्ये ठेवू नका (कल्चर करायचं तर अळी जिवंत लागते). त्यापेक्षा रक्तातली अँटिबॉडी तपासणी जास्त कामाची, ती मोठ्या लॅबमध्ये होते. पण काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) फार पडलेले असताना तीही फसवू शकते. म्हणून केमोच्या *आधी*. आणि शेतीतून आलेला माणूस असेल, स्टेरॉइड तातडीने द्यायचं असेल, रिपोर्टला वेळ नसेल, तर काही डॉक्टर आयव्हरमेक्टिन आधीच देऊन टाकतात. कोविडच्या काळात डेक्सामेथासोन (हेही स्टेरॉइडच) सर्रास सुरू झालं तेव्हाही हीच चर्चा झाली होती. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, इथे वाचून मेडिकलमध्ये जाऊ नका.

मांजरप्रेमी_वाशी

माझी मावशी ब्रेस्ट कॅन्सरच्या केमोवर आहे, माझ्याकडेच राहते. घरात दोन मांजरी. नातेवाइकांनी फोन करून करून जीव नकोसा केलाय की मांजरी सोडून या, टॉक्सोप्लाझ्मा (मांजरीच्या विष्ठेतून पसरणारा एक परजीवी) होईल. सोडून या म्हणजे कुठे, वाशीच्या खाडीत?

सूक्ष्मदर्शी

सोडू नका. मांजर आयुष्यात साधारण एकदाच, पहिल्यांदा संसर्ग होतो तेव्हा, एक-दोन आठवडे विष्ठेतून ते जंतू टाकते. टाकल्यावर ते रोगकारक व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून लिटर रोज साफ करा, मावशींनी नाही, तुम्ही. मांजरींना कच्चं मांस नको, बाहेर उंडारू देऊ नका. टॉक्सो माणसांना अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतूनही होतो, हे नातेवाइकांना ऐकवा. कुंड्यांत हात घालायचा तर हातमोजे.

शुभदा_के

मी इथे सहसा लिहीत नाही. मांजरीचं वाचून राहवलं नाही.

माझ्या नवऱ्याला ल्युकेमिया होता. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. ट्रान्सप्लांटच्या आधीच्या रक्तात टॉक्सोची अँटिबॉडी पॉझिटिव्ह होती, म्हणजे कधीतरी लहानपणी, कॉलेजात, केव्हातरी होऊन गेलेला, मेंदूत आणि स्नायूंत निजून राहिलेला. त्यासाठी सल्फाची गोळी (को-ट्रायमोक्साझोल) देतात. पण त्या गोळीने काउंट खाली येतात, म्हणून नवी मॅरो रुजेपर्यंत थांबवली होती. डॉक्टरांनी तो धोका आम्हाला सांगितला होता, मी सही केली होती. कुणावर राग नाही.

ट्रान्सप्लांटनंतर पाचव्या आठवड्यात तो मला त्याच्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागला. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी डावा हात उचलेना. एमआरआयमध्ये मेंदूत गाठी दिसल्या. औषधं दिली. अकरा दिवस.

आमच्याकडे मांजर होती, चिंगी. ट्रान्सप्लांटच्या फक्त दोन वर्षं आधी घरात आलेली, आणि त्याचा पॉझिटिव्ह रिपोर्ट तिच्याही आधीच्या एका तपासणीत सापडला मला नंतर. सासूबाई अजून तिच्याकडे बघत नाहीत. मी दर वेळी तो रिपोर्ट दाखवायचा ठरवते आणि राहून जातं.

मुरबाडकरीण

शुभदाताई 🙏 शब्द नाहीत. चिंगीला माझ्याकडून एक बांगडा.

मांजरप्रेमी_वाशी

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. मावशीच्या डॉक्टरांना तपासणीचं विचारते.

बेलापूर_किल्ला

पाण्याचं काय? आम्ही नवी मुंबईवाले मोरबे धरणाच्या जिवावर कॉलर ताठ ठेवतो, पण सोसायटीची जमिनीखालची टाकी कधी धुतली ते सेक्रेटरीलाही ठाऊक नसतं. बाबांची केमो पुढच्या आठवड्यात. घरी आरओ आहे, तरी उकळायचं का? बायको म्हणते क्लोरीन टाकतातच.

सूक्ष्मदर्शी

उकळा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे, ४ ते ६ मायक्रॉनचा, क्लोरीनला तो भीक घालत नाही. १९९३मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून सुमारे ४ लाख लोक आजारी पडले होते. धडधाकट माणसाला आठ-दहा दिवस जुलाब होऊन थांबतात, पांढऱ्या पेशी पडलेल्याला महिनोन्महिने थांबत नाहीत. खळखळून एक मिनिट उकळलं की मेला. आरओची मेंब्रेन धड असेल तर तीही अडवते, पण ती धड आहे हे कोण बघतो? सर्व्हिसवाला तीन वेळा फोन केल्यावर येतो आणि कार्ड भरून जातो.

आणि केमोच्या पेशंटला जुलाब लांबले तर लॅबच्या कागदावर 'क्रिप्टोस्पोरिडियमसाठी वेगळा स्टेन' (नमुन्याला खास रंग देऊन तपासणी) असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नेहमीच्या शौच तपासणीत तो दिसत नाही, आणि सांगितल्याशिवाय आम्ही लॅबवाले तो करत नाही. हे मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध सांगतोय.

सानपाडा_लोकल

खारघरला अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्या कॅन्सर केंद्राच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत बाहेरगावचे किती पेशंट राहतात, एका खोलीत चार-पाच माणसं, पाणी ड्रममधलं. मी तिथे डबे पोचवायचो काही महिने. एक आजोबा रोज विचारायचे 'कोशिंबीर नाही का रे?' आणि त्यांची सून मागून हात हलवून नको म्हणायची. आज कळलं का ते.

अवांतर : पावसाळ्यात मलेरियाही लक्षात ठेवा. माझ्या मित्राच्या वडिलांचा ताप 'काउंट पडलेत म्हणून' धरून चालले होते. घराशेजारी टॉवरचं बांधकाम, खड्ड्यात पाणी. स्मिअरमध्ये (काचपट्टीवर रक्त पसरून केलेल्या तपासणीत) व्हायवॅक्स मलेरिया निघाला.

सूक्ष्मदर्शी

अवांतर अजिबात नाही. मलेरियाही परजीवीच, आणि आपल्या पट्ट्यात स्ट्राँगिलॉइडिसपेक्षा कितीतरी जास्त भेटणारा. केमोत ताप आला की आधी हॉस्पिटल गाठायचं, अँटिबायोटिक लांबवायचं नाही, पण स्मिअरही त्याच रक्तात करून घ्यायचा.

पारसिक

मी वर जे लिहिलं त्यावर थोडा मागे येतो. आईला काल विचारलं, तुला कधी मांडीवर सरकणारी रेघ उठायची का. म्हणाली, 'मला नाही, तुझ्या मामाला उठायची.' मामाला संधिवात आहे, तीन महिन्यांपासून स्टेरॉइडवर. कॅन्सर नाही. तरी तपासायचं का?

सूक्ष्मदर्शी

तपासायचं. कॅन्सर हे निमित्त, दार उघडतं ते स्टेरॉइड. डॉक्टरांना त्या रेघेचं नक्की सांगा. आणि घाबरून स्टेरॉइड स्वतःच्या मनाने बंद करायला लावू नका मामांना, एकदम बंद केलं तर वेगळंच संकट.

नौपाड्याचा_नाना

सूक्ष्मदर्शीकाका, अण्णांची सेवा करणाऱ्यांना लागू शकतो का हा जंत? वहिनींची काळजी वाटली.

सूक्ष्मदर्शी

क्वचितच. शौच, थुंकी हाताळताना हातमोजे आणि साबणाने हात धुणं पुरेसं. पण एकाच चिखलात एकत्र राबलेली भावंडं असतील तर त्यांची तपासणी जरूर करा, संसर्गाचं ठिकाण एकच होतं.

मुरबाडकरीण

तेच लिहायला आलेय. अपडेट : अण्णांचं पाचवं सायकल झालं. शौचाचे तिन्ही नमुने निगेटिव्ह. केमो संपेपर्यंत मधूनमधून आयव्हरमेक्टिन चालू ठेवणार आहेत. वजन ५२.

आईची रक्ततपासणी निगेटिव्ह. गावचे धाकटे काका मोठ्या मुश्किलीने कल्याणला येऊन रक्त देऊन गेले, त्यांची पॉझिटिव्ह आली. काल फोनवर अण्णांनी त्यांना स्वतः झापलं, माझ्याकडे बघ, हाडं मोज, गोळी घे. काका म्हणाले, घेतो, पण राब (भाताची रोपं) तयार आहे आणि पाऊस लागलाय, आवणी उरकली की घेतो. अण्णा म्हणाले, मग गमबूट तरी घाल. काका हसत सुटले. 'गमबुटात आवणी? चिखलात बूट राहील आणि मी वर येईन.'

शनिवारी मी स्वतः जातेय गोळ्या घेऊन. बांधावरच देणार, माझ्यासमोर गिळायला लावणार. कुणाला ठाण्याहून मुरबाडला एसटीचं सध्याचं टायमिंग माहीत आहे का?